अडाणी माणूस पाहिजे

"मग अडाणी माणूस कोण होणार?" असा प्रश्न वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत निघाला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तुम्हीच हो, सर," अध्यक्ष म्हणाले. "इतकं सहज दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. ही तीच कार्यकारिणी, जिचं दाराच्या रंगावर एकमत होऊ शकलं नाही म्हणून आमच्या वाचनालयाचं दार आजही बाहेरून हिरवं आणि आतून करडं आहे. भिंतीवरचं घड्याळ कुठे लावायचं यावरही एकमत झालं नाही, म्हणून ते कपाटात आहे आणि तिथेच बिचारं वेळ दाखवत असतं. माझ्या अडाणीपणाबद्दल मात्र कुणालाही शंका आली नाही. एका सभासदाने तर दोन्ही हात वर केले.

आता मूळ मुद्दा सांगतो, म्हणजे हा अपमान किती अनाठायी होता ते कळेल.

मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, झाडं लावतात, भांडण उकरून काढतात. मी वाचनालयाच्या संगणक कक्षात संध्याकाळी मुलांना बसवून अपूर्णांक शिकवू लागलो. त्या कक्षात सहा कॉम्प्युटर आहेत. त्यात अपूर्णांकांचा एक खेळ आहे. भाकरीएवढं गोल वर्तुळ येतं, मूल त्याचे भाग पाडतं, चुकलं की वर्तुळ नाराज होतं. फळ्यावर तीन-तीन वर्षं ज्यांना छेद आणि अंश यातला फरक कळला नव्हता, ती मुलं वर्तुळ नाराज होऊ नये म्हणून आठवड्याभरात समच्छेद करू लागली. एक मुलगी एकदा मला म्हणाली, "सर, अपूर्णांक म्हणजे वाटणीच ना? मग आधी का नाही सांगितलंत?" मी आधी सांगितलंच होतं. वर्षानुवर्षं सांगत होतो. पण असो. तिला कळलं, हे महत्त्वाचं.

या कॉम्प्युटरांची देखभाल करणारा एक तरुण होता. त्याला दुसरीकडे चांगलं काम मिळालं आणि तो गेला. त्याच्या मागोमाग कॉम्प्युटरही जाऊ लागले. आधी एक मिनिटामिनिटाला बंद पडू लागला, मग दुसरा मंदावला, तिसरा सुरू व्हायचा पण मनापासून नाही. मुलं एकेका कॉम्प्युटरसमोर चार-चार बसू लागली आणि वाटणीवरून खरीखुरी भांडणं होऊ लागली.

तेवढ्यात अध्यक्षांनी बैठकीत विषय काढला. त्यांना स्वतःचं दालन नाही. इतक्या वर्षांची संस्था, आणि अध्यक्ष कुठे बसतात, तर मासिकांच्या रॅकशेजारी. तेव्हा महिनाअखेरपर्यंत देखभालीला योग्य माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर संगणक कक्ष बंद करून तिथे अध्यक्षांचं दालन करावं. बोलता बोलता त्यांनी खिशातून मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. म्हणजे मापं आधीच घेऊन झाली होती.

जाहिरात दिली. तीन अर्ज आले. तिघांचीही प्रशस्तिपत्रकं अशी की वाचताना आपणच नापास झाल्यासारखं वाटावं. पण त्यांना खरोखर येतं की नाही, हे तपासायचं कसं? कार्यकारिणीत कुणालाच त्यातलं कळत नव्हतं.

"परीक्षा घेऊ," मी म्हणालो. "प्रश्नपत्रिका मी काढतो."

आणि काढली. पहिला प्रश्न, गाळलेल्या जागा भरा. दुसरा, जोड्या लावा. तिसरा, कारणे द्या : माऊसला शेपूट का असते? चौथा, पुढीलपैकी कोणत्याही तीनवर टिपा लिहा. सुवाच्य अक्षराचे गुण वेगळे. फार दिवसांनी प्रश्नपत्रिका काढली होती, त्यामुळे हात कसा मोकळा झाला. मोठ्या उत्साहाने ती मी जावयांना फोनवर वाचून दाखवली. ते याच क्षेत्रात आहेत.

जावयांनी माऊसच्या शेपटीचा प्रश्न मला पुन्हा वाचायला लावला. मला वाटलं, आवडला.

"बाबा," अखेर ते म्हणाले, "फार छान आहे. पण कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस टिपा कशाला लिहील?"

"मग काय करेल?"

"दुरुस्त करेल. तुम्ही सहाही कॉम्प्युटर मुद्दाम बिघडवून ठेवा. कुठे वायर सैल करा, कुठे सेटिंग बदला. बिघाड आपल्याला माहीत, त्याला नाही. शोधतो का बघा. आणि दुसरं म्हणजे, या कामात निम्मी मदत फोनवर करावी लागते. समोरच्याला काही कळत नसतं, वर तो घाबरलेला असतो. तेव्हा एक असा माणूस फोनवर बसवा ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही."

म्हणजे सुरुवातीला सांगितलेला ठराव मुळात माझ्या घरातूनच गेला होता. जावयांनी माझं नाव घेतलं नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. पण ते बोलताना जरा अडखळले होते, हेही नमूद करतो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. म्हटलं, "भर बैठकीत मला अडाणी ठरवलं!"

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणत्या विषयात?"

"कॉम्प्युटरच्या."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुढची जुडी घेतली.

मी कॉम्प्युटर वापरत नाही असं नाही. मी मेल पाठवतो. गेल्या वर्षी मी एक मेल पाठवला होता, त्याला उत्तरही आलं होतं. पण बायकोसमोर पुरावे मांडण्यात अर्थ नसतो, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं.

आता प्रश्न बिघाडाचा. आणि इथे संस्थेचे नियम आडवे आले. वाचनालयाच्या नियमावलीत दुरुस्तीची तरतूद आहे, बिघाडाची नाही. उलट एक कलम असं आहे की जो कोणी संस्थेच्या वस्तूची जाणूनबुजून मोडतोड करेल त्याचं सभासदत्व रद्द होईल.

"तुमचं सभासदत्व मी रद्द करणार नाही, सर," अध्यक्ष दिलदारपणे म्हणाले, "पण लेखी परवानगी लागेल. आणि बिघाड मोजून हवेत. तिघांना अगदी सारखे. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, मला अवघड बिघाड दिला."

हे मात्र मला पटलं. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, हे माझंही तत्त्व. म्हणून मी अर्ज लिहिला : 'संस्थेचे सहा संगणक शैक्षणिक हेतूने, समान प्रमाणात व सौम्य स्वरूपात बिघडवण्यास परवानगी मिळावी.' तो परत आला. 'सौम्य' म्हणजे किती, ते स्पष्ट करावं, असा शेरा होता. मी लिहिलं, 'पूर्ववत होईल इतका.' तोही परत आला. सहांपैकी तीन कॉम्प्युटर आधीच बिघडलेले असताना 'पूर्ववत' म्हणजे नक्की कोणत्या स्थितीत? तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की महिना संपेपर्यंत हा अर्ज असाच टेबलाटेबलावरून फिरणार आहे, आणि ज्यांना दालन हवंय त्यांच्याच टेबलाशी तो मुक्कामाला जातोय. मग मी तो मासिकांच्या रॅकशेजारी जाऊन, समोर उभा राहून मंजूर करून घेतला. मुलांकडून पाढे म्हणवून घेताना मी असाच उभा राहतो. फार वेळ लागत नाही.

परवानगी मिळाली, पण बिघडवणार कोण? मला दुरुस्ती येत नाही तशी मोडतोडही येत नाही. चाळीस वर्षं खडू हातात होता. खडूत बिघडण्यासारखं काय असतं?

इथे आमचे शेजारी पुढे आले. यांना आमच्या इमारतीत सर्वज्ञ म्हणतात. त्यांच्या समोर नाही, पण त्यांना माहीत आहे आणि आवडतं. गळका नळ असो, दुखरा गुडघा असो, मुलीचं स्थळ असो, त्यांचा सल्ला तयार असतो, आणि तो घेतल्यावर काय होतं हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचा नळ त्यांनी दुरुस्त केल्यापासून ते लोक बादलीने पाणी भरतात. पण बिघाडच करायचा म्हटल्यावर यांच्याइतका लायक माणूस कुठे मिळणार, असा मी विचार केला. तो विचार तेव्हा मला फार हुशारीचा वाटला.

"सर, बिलकूल काळजी करू नका," सर्वज्ञ म्हणाले. "असा बिघाड करतो की शोधणारा बघतच राहील."

"बघत नाही राहायचं. शोधायचं आहे. आणि सौम्य हवा."

"सौम्यच हो! हातात माप आहे माझ्या."

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं कक्षात गेलो. जोडीजोडीने तीन गट केले. प्रत्येक गटातल्या एका कॉम्प्युटरची मागची वायर सैल, दुसऱ्याचा आवाज आणि इंटरनेट बंद. मी प्रत्येक वायर ढिली होताना जातीने पाहिली, तिन्हींचा ढिलेपणा सारखा आहे ना, हे बोटाने तपासलं. फोनच्या परीक्षेसाठी कचेरीतल्या कॉम्प्युटरची स्क्रीन सर्वज्ञांनी उलटी केली. म्हणजे अक्षरं खाली डोकं वर पाय. कशी केली ते मी पाहिलं नाही, कारण त्यांनी मला पाणी आणायला पाठवलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तिघं वेळेवर आले. मी कचेरीत फोनपाशी, उलट्या स्क्रीनसमोर. शेजारी अध्यक्ष, निरीक्षक म्हणून. उमेदवार पलीकडच्या खोलीत, एकेक करून.

पहिला मुलगा चपळ होता. मी फोनवर म्हटलं, "अहो, माझी स्क्रीन उलटी झाली आहे."

"कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबा."

"कोणता वरचा? माझ्याकडे सगळंच उलटं आहे."

"कीबोर्ड उलटा नाही ना, आजोबा!"

आजोबा! मी चष्मा नीट करून बाण शोधत होतो. कीबोर्डवर चार बाण असतात, वर 'शिफ्ट'वरही एक बाण असतो, हे किती जणांना माहीत आहे? मी तो दाबला. मग तोच पुन्हा दाबला. तेवढ्यात दार उघडून तो मुलगा स्वतःच आत आला, "सरका जरा," म्हणाला, काहीतरी खटाखट केलं, आणि स्क्रीन सरळ.

"वा!" अध्यक्ष म्हणाले.

"वा काय? फोनवर सांगायचं होतं. आणि काय केलं ते मला कळलंच नाही."

"फोनवर सांगून जमेना म्हणून तर आलो," तो म्हणाला. "केलं ना सरळ? आता कळून काय करायचंय?"

हे वाक्य मी आयुष्यभर मुलांच्या तोंडून ऐकत आलो आहे. उत्तर बरोबर आहे ना, मग रीत कशाला? मी मनातल्या मनात त्याचे रीतीचे गुण कापले.

पण आता भलतीच अडचण आली. स्क्रीन सरळ झाली होती आणि दुसऱ्या उमेदवाराला तीच प्रश्नपत्रिका द्यायची होती. ती पुन्हा उलटी कोण करणार? सर्वज्ञ चहा प्यायला गेलेले. शेवटी पहिल्याच मुलाला म्हटलं, "बाळा, जाता जाता ती पुन्हा उलटी कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे पाहिलं. "मी दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडवू?"

"हो. होती तशीच. जास्त नको."

त्याने ती उलटी केली आणि जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

दुसरा मुलगा शांत, नम्र. "सर, आपण कॉम्प्युटर बंद करून चालू केला का?" मी केला. स्क्रीन उलटीच. "पुन्हा एकदा करू या का?" केला. उलटीच. तिसऱ्यांदा करायला सांगितलं तेव्हा मी आवाज चढवला. घाबरलेल्या माणसाने चढवायलाच हवा, ती भूमिकेची गरज होती.

"अहो, मला तातडीचं काम आहे! काहीतरी करा!"

 मग तो म्हणाला, "सर, तात्पुरती सोय म्हणून मॉनिटरच उलटा ठेवता येईल का?"

अध्यक्षांना हा उपाय एकदम व्यवहारी वाटला. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मॉनिटर उचलला, उलटा केला आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, कारण तो डोक्यावर उभा राहीना. "दिसतंय की हो सगळं सरळ!" ते मॉनिटरच्या मागून म्हणाले. दिसत होतं, हे खरं. पण मेल लिहिताना दर वेळी अध्यक्षांना बोलावणार का?

तिसरी होती एक बाई. तिशीच्या आसपासची. आवाज असा की वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावा.

"आधी मला सांगा, माऊस वर सरकवला की बाण कुठे जातो?"

"खाली."

"ठीक. माऊस फिरवून उलटा धरा. शेपूट तुमच्याकडे. आता सरकवा."

मी धरला. बाण माझं ऐकू लागला! पुढे एकेक पायरी ती सांगत गेली. काय दिसतं ते माझ्याकडून वदवून घ्यायची, मगच पुढे. उलटी अक्षरं वाचायला मला मान खांद्यावर टेकवावी लागत होती. शेवटी स्क्रीन सरळ झाली आणि एक चौकट आली. मी ती वाचू लागलो. 'आपण केलेले बदल कायम ठेवू इच्छिता काय? अन्यथा...' एवढ्यात स्क्रीन पुन्हा उलटी!

"काय झालं?" तिने विचारलं.

"मी वाचत होतो."

"काका, वाचत बसायचं नाही. ती थांबत नाही तुमच्यासाठी. 'ठेवा'वर लगेच दाबायचं."

"प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये," मी म्हणालो. "हजारो मुलांना मी हेच सांगितलं आहे."

"बरोबरच सांगितलंय. या एका ठिकाणी सोडून. चला, पहिल्यापासून."

तिने मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. मी दुसऱ्यांदाही वाचायला लागलो, कारण अर्धं राहिलं होतं. तिसऱ्यांदा जमलं. स्वतःच्या हातांनी! मी इतका खूश झालो की भूमिका विसरलो. तर ती म्हणते, "आता उलटी करा."

"अहो, आत्ताच तर सरळ झाली!"

"करा. मग परत सरळ करा. नाहीतर उद्या विसराल."

मी उलटी केली. सरळ केली. एकही शब्द तिने वाया घालवला नव्हता, आणि एकदाही शाबासकी दिली नव्हती.

अध्यक्ष हात चोळत उठले. मॉनिटर धरून ते अवघडले होते. "सर, काय अभिनय केलात! ते वाचत बसणं तर फारच खरं वाटलं."

मी मान लववली. काही सत्कार गुपचूप स्वीकारावेत.

मग तिघांना संगणक कक्षात नेलं. जोडी-जोडी वाटून दिली. मी नेहमीची सूचना केली, "एकमेकांशी बोलायचं नाही. दुसऱ्याचं पाहायचं नाही." तिघांनी कॉम्प्युटर सुरू केले. वायर ढिली असलेले तर तिघांनीही पहिल्या झटक्यात ओळखले. मला माझ्या बोटांचा अभिमान वाटला. पण पुढे सगळे थांबले.

"सर, पासवर्ड?"

"कसला पासवर्ड? यांना पासवर्ड नाही. मुलं वापरतात."

सहाही स्क्रीन पासवर्ड मागत होत्या. मी सर्वज्ञांकडे पाहिलं. ते चहा पिऊन नुकतेच परतले होते.

"हां, ते मीच," ते म्हणाले. "तुम्ही घरी गेल्यावर लक्षात आलं, रात्रीतून कुणी येऊन बिघाड बघून गेलं तर? पेपर फुटेल. म्हणून सीलबंद केले."

"मग सांगा पासवर्ड!"

"लक्षात राहील असाच ठेवलाय." ते डोळे मिटून उभे राहिले. "आमच्या जुन्या स्कूटरचा नंबर."

स्कूटरचा नव्हता. घराचा नव्हता. सासऱ्यांच्या गावच्या फोनचाही नव्हता. "मग सहाला सहा वेगवेगळे असतील," ते विचारपूर्वक म्हणाले. "तसं जास्त सुरक्षित."

माझी सहनशक्ती मोठी आहे असं पालक म्हणत. एकच मुलगा सात वेळा तीच चूक करायचा आणि मी आठव्यांदा तितक्याच शांतपणे सांगायचो. पण तो मुलगा नऊ वर्षांचा असायचा! या गृहस्थांना मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बरंचसं गणिताच्या परिभाषेत होतं.

अध्यक्षांनी मात्र खोलीत एक सावकाश चक्कर मारली. खिडकीपाशी थांबले. "इथे टेबल छान येईल," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने, "सर, तुम्ही प्रयत्न केलेत. पण आता सहाही गेले म्हणायचे. तीन तरी चालू होते बिचारे. कुलूप लावू या." आणि मोजपट्टी काढली.

माझ्या डोळ्यांपुढे नाराज वर्तुळं आली. संध्याकाळी मुलं येणार, बंद दारापाशी उभी राहणार, आणि मी त्यांना काय सांगणार? परीक्षा घेता घेता शाळाच मोडली?

एवढ्यात मागून कुजबुज ऐकू आली. पहिला मुलगा तिसरीला म्हणत होता, "माझ्याकडे पेन ड्राइव्ह आहे. त्यावरून आत शिरता येईल."

"पण आतलं काही पुसलं जाता कामा नये," ती म्हणाली.

"नाही जाणार," दुसरा म्हणाला, "पायऱ्या मला पाठ आहेत. एक चुकली तर मात्र जाईल."

"बोलायचं नाही!" मी गरजलो. सवयच ती. परीक्षेत कुजबुज ऐकली की माझं तोंड माझ्या आधी बोलतं. तिघं गप्प झाले आणि आपापल्या बंद स्क्रीनकडे पाहू लागले.

अध्यक्षांनी मोजपट्टीचं एक टोक भिंतीला लावलं. दुसरं टोक सर्वज्ञ धरून उभे होते!

आता वाचकहो, तुम्हीच सांगा. ज्या माणसाने रुमालातल्या, चपलेतल्या, तळहातावरच्या चिठ्ठ्या पकडल्या, ज्याच्या पर्यवेक्षणाखाली मुलं शिंकतानाही परवानगी मागत, त्याने काय करावं? मी खिडकीशी गेलो आणि वर्गाकडे पाठ करून उभा राहिलो. "मला बाहेरचं झाड पाहायचं आहे," मी जाहीर केलं. "बराच वेळ पाहायचं आहे."

झाड काही खास नव्हतं. पण मागे काय चाललं होतं ते ऐकण्यासारखं होतं. दुसरा पायऱ्या सांगत होता, पहिला हात चालवत होता, आणि तिसरी दर पायरीला "थांब, काय दिसतंय ते आधी सांग," म्हणत त्याच्या घाईला लगाम घालत होती. पहिला कॉम्प्युटर उघडला तेव्हा मी झाडाकडे पाहून हसलो. सहावा उघडेपर्यंत चहाची दुसरी फेरी झाली होती. मग त्यांनी मुळात बिघडलेले तीनही हाती घेतले. मंदावलेला पळू लागला. सारखा बंद पडणारा चालू राहिला. अपूर्णांकांचं वर्तुळ सहाही स्क्रीनवर एकदम आलं, आणि एकही नाराज नव्हतं.

"झालं, काका. आता इकडे बघायला हरकत नाही," तिसरी म्हणाली.

माझा ऊर भरून आला. मी अध्यक्षांना म्हटलं, "बघा! आता नेमणूक करा."

अध्यक्षांनी मोजपट्टी गुंडाळली. सहाही कॉम्प्युटर निरखून पाहिले. मग म्हणाले, "नेमणूक कशाला?"

"म्हणजे?"

"सगळे चालू झाले की! बिघाडच नाही, तर दुरुस्तीला माणूस कशाला? पद रद्द करू. पुढे कधी बिघडले तर कक्ष बंद करता येईलच."

 मुलाला पोहायला आलं म्हणून कोणी तलावाचा काठच काढून नेतं का? तीन माणसांकडून दिवसभर काम करून घ्यायचं आणि काम झालं म्हणून त्यांनाच नको म्हणायचं! हे मी त्यांना स्पष्ट ऐकवलं. ते "हो, हो," म्हणत कचेरीतल्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि दोन बोटांनी नोटीस टाइप केली : 'देखभालीचे पद रद्द करण्यात येत आहे. अध्यक्ष.' मग प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. अध्यक्षांनी मग डोअरबेल दाबावी तसं ते बटण दाबतच ठेवलं.

प्रिंटरला जाग आली. एक नोटीस बाहेर आली. दुसरी आली. तिसरी. मग त्यांची माळच लागली.

"अरे, थांबवा याला!" अध्यक्ष म्हणाले.

पहिला मुलगा पुढे सरकला. मी हात आडवा केला. "परीक्षा संपली आहे. कुणीही कशालाही हात लावायचा नाही." तिघांनी हात मागे बांधले. दुसऱ्याचे ओठ हलत होते, पण त्याने आवाज काढला नाही. गुणी मुलगा.

अध्यक्षांनी प्रिंटर बंद करून चालू केला. त्याने थोडा श्वास घेतला आणि राहिलेल्या नोटिसा पुढे काढायला घेतल्या. त्यांनी एक कागद ओढला, तो अर्धा फाटला, आणि आत काहीतरी करकरू लागलं. टेबल भरलं, खुर्ची भरली, नोटिसा जमिनीवर पसरल्या. 'पद रद्द, पद रद्द, पद रद्द.' आत मासिकं वाचत बसलेले सभासद दारात येऊन एकेक नोटीस उचलून वाचू लागले.

"तुम्ही तरी सांगा हो काहीतरी!" अध्यक्ष सर्वज्ञांवर ओरडले.

"तेलाचा थेंब टाकून बघा," सर्वज्ञ म्हणाले.

"नको!" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. त्या कार्यकारिणीच्या इतिहासातलं हे दुसरं एकमत.

"सर," अध्यक्ष काकुळतीला आले, "सांगा ना यांना."

"कुणाला सांगू? पद रद्द झालं आहे. तुमच्या पायाखाली लिहिलंय."

"रद्द कुठे झालं? मी अजून सही केलेली नाही!"

"मग दुसऱ्या कागदावर करा," मी म्हणालो. खालची एक नोटीस उचलली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर, सुवाच्य अक्षरात, नेमणुकीचा ठराव लिहिला. कक्ष बंद होणार नाही, हेही त्यातच लिहिलं. नाव कुणाचं घालायचं याचा विचार करावा लागला नाही. पहिल्याने स्क्रीन सरळ केली होती, दुसऱ्याने मॉनिटर उलटा करायला लावला होता, पण मला करायला शिकवलं ते एकटीने. त्या दोघांनाही ते मान्य होतं. पहिला म्हणाला, "बरोबर आहे. तुम्हाला शिकवणं मला जमलंच नसतं." हे त्याने प्रामाणिकपणे म्हटलं असावं, म्हणून मी सोडून दिलं.

अध्यक्षांनी उभ्याउभ्याच सही केली. तिने तो ठराव नीट वाचला, पूर्ण वाचला, मग प्रिंटरपाशी गेली. क्षणात तो थांबला.

"कसा थांबवलात?" मी विचारलं.

"असं घाईत सांगून नाही समजायचं, काका. सोमवारी संध्याकाळी या. वही आणा. येताना सरळ आणि उलटी स्क्रीन दहा-दहा वेळा करून या."

मला! वही! गृहपाठ! घरी येऊन हिला सांगितलं, तर हिने कपाटातून एक कोरी वही काढून दिली आणि वर नाव घालायला विसरू नका म्हणाली.

सोमवारी वेळेआधी गेलो. तरी पुढच्या सगळ्या खुर्च्या मुलांनी धरल्या होत्या. एकही उठलं नाही. "सर, मागे जागा आहे," त्या अपूर्णांकवाल्या मुलीने न वळताच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला पुढे बसू द्यावं, एवढं साधं वळण नाही या पोरांना. आणि सगळी माझ्याच हाताखाली शिकलेली.